माटुंग्याचे वर्कशॉप : डबे उभे करणारे हात

मुंबईच्या लोकलने रोज ये-जा करणाऱ्या आपल्या बहुतेक वाचकांनी माटुंग्याचे रेल्वे वर्कशॉप बाहेरून पाहिलेले आहे. मध्य रेल्वेची गाडी माटुंगा सोडून शीवकडे निघाली की डाव्या हाताला लांबच लांब शेड लागतात. पश्चिम रेल्वेने माटुंगा रोडवरून माहीमकडे जाताना त्याच शेड उजव्या हाताला दिसतात. दोन रेल्वेमार्गांच्या मध्ये सापडलेली ही सुमारे ३५ हेक्टरांची त्रिकोणी जमीन आहे. तिच्यावर १९१५ सालापासून रेल्वेच्या डब्यांची दुरुस्ती चालू आहे. खिडकीतून पाहणाऱ्याला गंजलेले डबे, चाकांच्या रांगा आणि उंच क्रेन दिसते. आत काय चालते, कोण काम करते, हे मात्र दिसत नाही.

आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल या आणि अशाच कारखान्यांच्या पगारावर पेटली. परळचे वर्कशॉप, लोअर परळचे वर्कशॉप आणि माटुंग्याचे वर्कशॉप ही नावे आपल्या वस्त्यांत गावाच्या नावासारखी घेतली जातात. म्हणून वस्तीतली आयटीआय झालेली तीन मुले, त्यांतल्या एकाची आई आणि आम्ही दोघे कार्यकर्ते असे सहा जण रीतसर परवानगी काढून हा कारखाना पाहायला गेलो. सोबत वाट दाखवायला एक निवृत्त फिटर होते. त्यांना सगळे काका म्हणतात, आम्हीही काकाच म्हणू.

आधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, तेव्हा तिला १४ डबे होते. गाड्या वाढल्या तशी दुरुस्तीची गरज वाढली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेने सुरुवातीला भायखळ्याला कारखाना काढला. १८७९ साली तो परळला आला. तिथली जागाही अपुरी पडू लागली तेव्हा इंजिनांचे काम परळला राहिले आणि डबे व वाघिणी यांच्या दुरुस्तीसाठी १९१५ साली माटुंग्याचा कारखाना उभा राहिला. त्या काळी डबे लाकडी असत. सुताराला तेव्हा मोठे काम होते. पुढे पोलादी डबे आले आणि सुताराची जागा वेल्डरने घेतली. मद्रासजवळ पेरांबूर येथे १९५५ साली डबे बांधण्याचा मोठा सरकारी कारखाना सुरू झाला. तिथे बांधलेला डबा देशभर फिरतो, आणि ठराविक काळाने अशा वर्कशॉपमध्ये येऊन नवा होऊन जातो.

आत शिरल्यावर पहिली जाणीव होते ती आवाजाची. हातोडा, ग्राइंडर, क्रेनची घंटा, हवेच्या दाबाचा फुसकारा, सगळे एकत्र. काकांनी आम्हाला डब्याच्या मागोमाग नेले. कारखाना समजून घेण्याची ही चांगली रीत आहे.

मेल-एक्स्प्रेसचा साधा डबा दीडेक वर्ष धावला की त्याची पूर्ण दुरुस्ती करतात. कामगार तिला ‘पीओएच’ म्हणतात. डबा आत आला की आधी तपासणी होते. मग बॅटऱ्या, पंखे, बाक, पाण्याच्या टाक्या जे जे काढायचे ते काढतात. त्यानंतर क्रेन लावून सगळा डबा उचलतात. साधा शयनयान डबा रिकामा असला तरी ३५ ते ४० टनांचा असतो. तो वर गेला की खालची चाकांची गाडी, म्हणजे बोगी, ढकलून बाजूला नेतात आणि डबा लोखंडी घोड्यांवर टेकवतात.

“या वेळी खाली कोणी असता कामा नये,” काका म्हणाले. “क्रेनवाला आणि खालचा खुणा करणारा, दोघांची नजर एकमेकांवर पाहिजे. एकाचं लक्ष उडालं तर दुसऱ्याचं घर बसतं.”

इथून डब्याच्या दोन वाटा होतात. बोगी एका शॉपमध्ये जाते. तिचे सगळे भाग सुटे करतात, गरम सोड्याच्या पाण्याच्या टाकीत धुतात, स्प्रिंगा दाबून तपासतात. झिजलेला भाग बदलतात. चाके व्हील शॉपमध्ये जातात. चाकांची जोडी आणि तिचा कणा मिळून टनाच्या आसपास वजन भरते. चालून चालून चाकाची कड झिजते, तिचा आकार बिघडतो. मोठ्या लेथवर ते चाक पुन्हा मापात कापतात. कण्यात डोळ्याला न दिसणारी चीर आहे की नाही हे ध्वनिलहरींच्या यंत्राने पाहतात. बेअरिंग धुऊन, तपासून, नवे वंगण भरून बसवतात. धावत्या गाडीचा कणा तुटला किंवा बेअरिंग तापून जळाले तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरी वाट डब्याच्या धडाची. इथे आम्ही बराच वेळ थांबलो. जुन्या पोलादी डब्याला सर्वांत जास्त गंज कुठे धरतो, असे काकांनी मुलांना विचारले. मुलांनी छत सांगितले, दारे सांगितली. काका म्हणाले, “संडासाखाली.” पाणी आणि घाण झिरपून संडासाजवळचे तळाचे पत्रे आणि खालची आडवी-उभी लोखंडे सडतात. ती कापून काढायची आणि तिथे नवे लोखंड वेल्डिंगने जोडायचे. उताणे पडून, तोंडावर ठिणग्या घेत हे काम करावे लागते. पत्रा कापण्याआधी तो भाग धुऊन घ्यावा लागतो. वर्षानुवर्षे ही घाण रुळांवरच पडत होती आणि ती उचलणारे हात कोणत्या समाजाचे होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. डब्यांना जैविक शौचालये बसवण्याचे काम २०२० च्या सुमारास जवळपास पुरे झाले. हा बदल उशिरा झाला, पण झाला. माणसाच्या हातून घाण उचलण्याची पद्धत यंत्रानेच थांबवता येते. फक्त ते यंत्र बसवण्याची इच्छा असावी लागते.

पुढे सुतारकाम, वीजकाम, ब्रेकचे काम, बाकांना रेक्झिन शिवण्याचे काम आणि शेवटी रंगकाम. जुना रंग खरवडणे, लांबी भरणे, अस्तर देणे, मग वरचा रंग आणि अक्षरे. सगळे झाल्यावर धड पुन्हा बोगीवर बसते, ब्रेकची चाचणी होते. कारखान्याच्या माणसांनी केलेले काम वेगळा तपासनीस पाहतो. त्याने पास केल्याशिवाय डबा बाहेर जात नाही. मुंबईच्या लोकलचे डबेही इथे येतात.

मुलांना यंत्रांचे कौतुक वाटत होते. आम्हाला मात्र शॉपच्या भिंतीवर लावलेल्या कामगारांच्या याद्या वाचाव्याशा वाटल्या. आज तिथे सर्व आडनावे एकाखाली एक दिसतात. फिटर, वेल्डर, पेंटर, सुपरवायझर. ही यादी अशी नेहमीच नव्हती.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथेच सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसे नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व वर्गांत शिरलेली आहे, असा त्यांचा खुलासा होता. हे भाषण आपण जयंतीला अनेकदा ऐकतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा जो हिशेब मांडला, तो फारसा सांगितला जात नाही. आपला माणूस रेल्वेत गँगमन होतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरचे कामसुद्धा त्याला मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. वर्कशॉपमध्येही तो हमाल म्हणून लागतो, मिस्त्री किंवा फोरमन क्वचितच होतो. असा त्या मांडणीचा आशय होता. कापडगिरण्यांच्या विणखात्यात आपल्या माणसाला जागा नव्हती, हेही त्यांनी सांगितले. कामगार सगळे एक, असे नुसते म्हणून भागत नाही. कोणते काम कोणाला मिळते, हे विचारावे लागते.

काकांच्या घराची कथा याच रस्त्याने आलेली. त्यांचे वडील १९४६ साली खलाशी म्हणून लागले. रेल्वेतला खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. ओझे उचलणारा, साफसफाई करणारा, कारागिराच्या हाताखाली राबणारा तो खलाशी. ते हेल्पर म्हणून निवृत्त झाले. “बाबांना स्पॅनरचे सगळे नंबर हात लावून कळायचे,” काका म्हणाले, “पण सही करताना अंगठाच. मला म्हणाले, तू अंगठा लावायचा नाही.” काका आयटीआय करून १९७८ साली लागले आणि २०१६ साली निवृत्त झाले. त्यांची मुलगी आज शाळेत शिक्षिका आहे. तीन पिढ्यांचा हा जिना एका कारखान्याच्या पगारावर चढला गेला.

हा जिना आपोआप बांधला गेला नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा देणारी दुरुस्ती १९४५ सालची. बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ सालची. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८ १/३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश १९४३ साली निघाला, १९४६ साली त्या १२ १/२ टक्के झाल्या आणि १९७० पासून १५ टक्के आहेत. काकांचे वडील लागले ते वर्ष आणि हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

पण आपल्यासाठी एक वळण मध्येच आले. १९५६ साली आपण नागपूरला बौद्ध झालो. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून बौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या, पण रेल्वे ही केंद्राची. केंद्राच्या नोकरीत बौद्ध म्हणून लिहिले की अनुसूचित जातीचा हक्क जात होता. काका म्हणाले, “मी दीक्षेच्या वर्षीचा जन्मलेला. घरात बुद्धाची मूर्ती, पण नोकरीच्या कागदावर हिंदू महार. सही करताना हात जड झाला होता.” कितीतरी घरांनी पोटासाठी हा जडपणा सोसला आणि कितीतरी घरांनी धर्म लिहून हक्क सोडला. हा अन्याय ३४ वर्षे चालला. १९९० साली, व्ही. पी. सिंह पंतप्रधान असताना, कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. आज फॉर्म भरणाऱ्या मुलांना ‘बौद्ध’ हा शब्द लिहिताना काही वाटत नाही. त्या रकान्यामागे काय आहे, हे त्यांना घरच्यांनी सांगायला हवे.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही कँटीनजवळ बसलो. आजूबाजूला डबे उघडले गेले. भाकरी, सुके बोंबील, कोणाची पोळी, कोणाचा भात. एकाच्या डब्यातले दुसऱ्याच्या डब्यात जात होते. कोणी कोणाची जात विचारत नव्हते. काका म्हणाले, “वडील सांगायचे, एके काळी पाणी प्यायलासुद्धा लोक आपापलं टोळकं करून बसायचे. एकत्र राबल्यानं सगळं सुटतं असं नाही. पण १९७४ च्या संपात बऱ्याच गाठी सुटल्या.” ८ मे १९७४ रोजी सुरू झालेला तो रेल्वे संप २० दिवस चालला. देशभरातले सुमारे १७ लाख कामगार त्यात होते आणि जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते. हजारो लोक तुरुंगात गेले, अनेकांची नोकरी गेली, क्वार्टरमधून कुटुंबांना बाहेर काढले गेले. अशा वेळी शेजारच्या खोलीतून पीठ कोणी दिले, हे त्या घरांतल्या बायका आजही सांगतात.

सोबत आलेल्या मुलाच्या आईने इतका वेळ काही विचारले नव्हते. त्या चार घरची धुणीभांडी करतात. त्या काकांना म्हणाल्या, “काका, माझ्या पोराला इथं काम मिळेल का?”

काकांनी खोटी आशा दाखवली नाही. ते म्हणाले, “ताई, आमच्या वेळी बाप कामाला असला की पोराला निदान वाट ठाऊक असायची. आता सगळं परीक्षेवर आहे. आयटीआयवाल्याला इथं अप्रेंटिस म्हणून वर्षभर शिकायला मिळतं, थोडं विद्यावेतन मिळतं. त्याची निवड दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर होते. पण अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे, हे डोक्यात पक्कं ठेवा. रेल्वेत अप्रेंटिस झालेल्यांना खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा आहेत, पण परीक्षा द्यावीच लागते.”

हा प्रश्न एका आईचा नाही. २० मार्च २०१८ रोजी सकाळी माटुंगा-दादरच्या दरम्यान शेकडो अप्रेंटिस मुले रुळांवर उतरली होती आणि काही तास मध्य रेल्वे बंद पडली होती. प्रवासी वैतागले, ते साहजिक आहे. पण शिकून तयार झालेला हात वर्षानुवर्षे रिकामा बसतो तेव्हा तो कुठे जाऊन आदळेल, याचाही विचार व्हावा.

कारखाना बदलतो आहे. पेरांबूरने जुन्या पद्धतीचे डबे बांधणे जानेवारी २०१८ मध्ये थांबवले. मूळ जर्मन बनावटीचे, स्टेनलेस स्टीलचे एलएचबी डबे आता सगळीकडे आले आहेत. ते कमी गंजतात, म्हणजे पत्रे कापण्या-जोडण्याचे काम पुढे कमी होत जाणार. त्याऐवजी नवी ब्रेकपद्धती, वातानुकूलन, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांची माहिती लागते. लातूरला नवा डब्यांचा कारखाना झाला. त्याची पायाभरणी २०१८ साली झाली आणि पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये तयार झाला. मराठवाड्यातल्या मुलांना आपल्या दारात काम येईल अशी आशा लागली. २०२३ साली वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचे मोठे कंत्राट भारतीय-रशियन संयुक्त कंपनीला मिळाले आणि त्या गाड्यांसाठी लातूरचा कारखाना ठरला.

इथे आपल्या समाजाने डोळे उघडे ठेवायला हवेत. कारखाना सरकारी, जमीन सरकारी, पण काम कंत्राटदाराकडे गेले की भरतीची यादी कंत्राटदाराची होते. तिथे १५ टक्के कोणी मोजत नाही. १९३८ साली हमालाच्या वर चढू न देणारी रीत जातीच्या नावाने होती. आता कोणी जातीचे नाव घेणार नाही, तरीही साफसफाई आणि उचलाउचल कोणाच्या वाट्याला आली आणि यंत्रापाशी कोण बसले, हे मोजून पाहावे लागेल. यंत्र आले म्हणून आपण रडायचे नाही. बाबासाहेबांनी यंत्राला विरोध केला नाही. यंत्रामुळे माणसाला शिकायला आणि जगायला फुरसत मिळाली पाहिजे, हीच त्यांची भूमिका होती. आपण एवढेच विचारायचे, की त्या यंत्राची किल्ली आपल्या मुलांच्या हाती येणार की नाही.

म्हणून वाचकांना आमच्या काही विनंत्या आहेत. ज्यांची मुले दहावीला आहेत त्यांनी गुणांकडे आताच लक्ष द्यावे, कारण अप्रेंटिसच्या निवडीत हेच गुण धरतात. आयटीआयला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन याबरोबर इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्रेडचाही विचार करावा. मुलींनाही पाठवावे. जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात वेळेवर काढून ठेवावा, कारण राज्याचा नमुना वेगळा असतो आणि ऐनवेळी धावपळ होते. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. रेल्वेची भरती परीक्षेने होते. विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासवर्ग चालवायला मोठा निधी लागत नाही. एखादा निवृत्त कामगार, एखादा शिकलेला तरुण आणि चार बाके पुरतात.

आणखी एक काम घरोघरी होण्यासारखे आहे. ज्यांचे आजोबा, वडील अशा कारखान्यात होते त्यांनी त्यांचे जुने बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, सेवापुस्तकाच्या प्रती आणि फोटो जपून ठेवावेत. त्यांच्या तोंडून ऐकलेले लिहून काढावे. कंपनीच्या पुस्तकात इंजिनाचा आणि साहेबाचा इतिहास असतो. खलाशाचा इतिहास त्याच्या घरच्यांनी लिहिला नाही तर तो कुठेच राहणार नाही.

येत्या ६ डिसेंबरला नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाडहून लाखो माणसे रेल्वेने दादरला उतरतील. त्या गाड्यांचे कितीतरी डबे अशाच एखाद्या वर्कशॉपमध्ये उचलले, कापले, जोडले, तपासलेले असतील. आपले कोणी अशा कारखान्यात काम करीत असेल, तर त्या दिवशी सोबतच्या लहान मुलांना एवढे जरूर सांगावे.